काकूंच्या उजव्या पायाचा ब्रेस

मी एक जुना ब्रेस आहे. दातांना लावतात तो नव्हे, पायाचा. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, गुडघ्याखाली पट्ट्याने आवळायचा, टाचेमागून वळून तळव्याखाली जाणारा. रूपाने म्हणाल तर अर्धा कापलेला गमबूट.

मित्रांनो, माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका काकूंसाठी झाला. आजारपणात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. हात सावरला, पाय मात्र पुरता सावरला नाही. चालताना चवडा लोंबायचा आणि फरशीला घासायचा. ब्रेस घडवणाऱ्या ताईंनी त्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घेतला, त्यावर तापवलेलं प्लॅस्टिक ओढलं आणि मी आकाराला आलो.

आठवडाभर मला घरी वापरून काकू ताईंकडे तपासणीला आल्या. तिथल्या खोलीत जमिनीत भार मोजणाऱ्या पाट्या होत्या, भिंतींवर कॅमेरे होते. काकूंनी एक पाऊल टाकलं आणि पडद्यावर रेघांचं जंगल उगवलं. टाच कधी टेकली, भार कुठून कुठे सरकला, घोटा किती वळला, सगळं तिथे दिसत होतं. मी थक्क झालो. तुम्ही गप्पा मारत चालता, तेव्हा एकेका पावलात एवढं काही घडत असतं, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?

मी चवडा तसूभरही पडू दिला नाही. ताई खूश झाल्या आणि मी तर फुलूनच गेलो. काकू मात्र खाली वाकून माझा पट्टा चाचपत होत्या.

"टोचतंय का कुठे?" ताईंनी विचारलं.

"नाही हो, चालायला छान आहे. पण मशीनवर बसले की पेडल दाबलंच जात नाही. पाय नुसता ताठ."

"डाव्या पायाने मारून बघितलं?"

"बघितलं ना. चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. ताई, चालून तरी मी कुठे जाणार? मला शिवायचंय."

ताईंचा चेहरा उतरला. इतकी मापं घेतली, पण हे विचारायचंच राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या काकूंच्या घरी जाऊन मशीनपाशी जमिनीवरच बसल्या. घोट्यापाशी माझ्या कडा रुंद होत्या, म्हणून मी ताठ होतो. त्या घासल्या तर मी वाकणार. पण घासलेलं प्लॅस्टिक परत जोडता येत नाही. जरा जास्त गेलं, तर चवडा पुन्हा लोंबणार आणि काकू अडखळून पडणार. ताई केसभर घासायच्या, मला पायात चढवायच्या आणि म्हणायच्या, "दाबा काकू." काहीच हलायचं नाही. कबूल करतो, मला राग आला होता. चांगल्या धडधाकट ब्रेसला या दुबळा करत होत्या.

सातव्या खेपेला माझ्या आत काहीतरी हललं. तो पाय होता. मित्रांनो, त्याच्यात जोर होता. थोडासाच, पण त्याचा स्वतःचा. तो पेडल दाबायचा, मी त्याला वर उचलायचो. चाक सरळ फिरू लागलं. काकूंनी एका चिंधीवर हातभर टीप घातली, "वाकडी आली," म्हणाल्या आणि बाहीने डोळे पुसले.

सहा वर्षांनी मला तडा गेला. आता मी ताईंच्या कपाटात असतो. नवीन माणूस आला की ताई आधी त्याला काय करायचंय ते विचारतात, मग साचा घेतात.

तुम्हीही कुणाला आधार द्याल तेव्हा तसंच विचारा, आणि मग थोडं सैल सोडून बघा. त्या पहिल्या आठवड्यात काकूंचा पाय माझ्या आत जोर लावतच असणार, आणि मला वाटत होतं, सगळं मीच करतोय.