बसून करायचं काम

मित्रांनो, मी एक जुनी मोगरी आहे. मोगरी म्हटल्यावर तुम्हाला धुण्याच्या दगडाजवळचं फुगलेलं लाकूड आठवलं असेल, तर ते आधी डोक्यातून काढा. साबणाच्या फेसाशी माझा कधी संबंध आला नाही. मी झाडाची साल बडवून तिचं कापड करते. आमच्या तोंगा बेटांवर त्या कापडावाचून लग्नाला शोभा नाही आणि मेलेल्या माणसाला मान नाही. राजाच्या पायाखालीसुद्धा माझंच काम अंथरलेलं असतं. आता तुम्हीच सांगा, कोण मोठं?

मी समुद्रकाठच्या सुरूच्या झाडाची. वादळात झाड पडलं, तेव्हा लूसेआनेच्या आजोबांनी त्याचा गाभा काढला, महिनाभर खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवला आणि मग तासून मला चार अंगं दिली. तीन अंगांवर खाचा, चौथं गुळगुळीत. खाचांनी साल फोडायची आणि गुळगुळीत अंगाने शेवटचा हात फिरवायचा. हे मुद्दाम सांगते, कारण हल्लीच्या मुली उलटं करतात आणि कापडाला भोकं पडली की मला नावं ठेवतात.

लूसेआने सात वर्षांची होती तेव्हा मी तिच्या हातात आले. आज ती चौसष्टची आहे. अंगणात एक लांब ओंडका, त्याच्या या बाजूला लूसेआने, त्या बाजूला तिची मैत्रीण फुसी. एकीची मोगरी उठली की दुसरीची पडायची. इतक्या वर्षांत आम्ही मोगऱ्या एकदाही एकमेकींवर आपटलो नाही. या दोघींच्या जिभा मात्र रोज आपटायच्या. चार बोटं रुंद साल माझ्याखाली हातभर रुंद होई. परगावच्या बायका ती उन्हात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही लूसेआनेच्या हातची." माझं नाव कुणी घेत नसे. असो.

मग तिला खोकला लागला. धाकटा भाऊ हावेआ तिला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. मी टोपलीत होतेच. रांगेत बसून खाचा साफ करता येतात, म्हणून ती मला सगळीकडे नेते. छातीचा फोटो काढला, मग आणखी मोठ्या यंत्रात घालून काढला. डॉक्टर परदेशी. त्याला आमची भाषा येईना, म्हणून त्याने हावेआला आत बोलावलं.

मित्रांनो, आमच्यात वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत. बहिणीच्या अंगाविषयी भावाने बोलायचं नाही, ऐकायचं तर त्याहून नाही. बिचारा हावेआ दारातच उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर बराच वेळ बोलला. हावेआचे कान लाल झाले.

"काय म्हणतोय तो?" लूसेआनेने विचारलं.

"गोळ्या घे म्हणतोय."

"एवढं लांबलचक बोलला, आणि तेवढंच?"

"तेवढंच," हावेआ भिंतीला म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

शेवटी एका तरुण नर्सने तिला बाजूला घेतलं. "आजी, तुमच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगलीय. फुगली की तिची भिंत पातळ होते. आत्ता कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी परत फोटो काढू. गोळी चुकवायची नाही, विडी बंद. रोज चाला, ते चांगलं. पण जड उचलायचं नाही, दम कोंडून जोर लावायचा नाही. आणि छातीत किंवा पाठीत एकदम फाटल्यासारखं दुखलं, तर तशीच इकडे निघून या. घरी काम काय करता?"

"बसून करते," लूसेआने म्हणाली.

"बसूनच ना? मग ठीक," म्हणत नर्सने कागदावर लिहिलं आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.

फुगलं की पातळ होतं, हे त्या दिवशी माझ्याइतकं कुणाला कळलं असेल? माझा जन्म त्यातच गेला. आणि दिवसातून सहा तास मला डोक्यापर्यंत उचलून आपटणं, हे म्हणे बसून करायचं काम!

घरी आल्यावर तिने मला आढ्याला खोचलं. कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. गोळ्या घेतल्या, विडी सोडली. पण हातांना चैन पडेना. जेवताना बोटं मांडीवर ताल धरायची. झाडलेलं अंगण परत झाडायची, रचलेल्या चटया परत रचायची. मी वरून बघत होते. मलाही चैन नव्हतं.

"काय गं लूसे," फुसी कुंपणावरून ओरडायची, "तुझे हात काय नवऱ्याबरोबर पुरलेस?"

"माझे हात जागेवर आहेत. तुझी जीभ तेवढी कुणीतरी पुरा."

"राणी झालीय राणी! आता आम्हीच बडवायचं आणि हिने बघायचं!"

लूसेआने हसायची. पण घरात येऊन भिंतीला टेकून बसायची.

दोन महिने असे गेले. मग हावेआचा निरोप आला. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. निरोप असा की, ताईने या वेळी कापडाची तसदी घेऊ नये, आहेराला चटया पुष्कळ आहेत. आमच्यात आत्या म्हणजे घराण्यात सगळ्यांत वरची. तिच्या शब्दापुढे भावाचाही शब्द चालत नाही. लूसेआनेला अंगावर थुंकल्यासारखं झालं.

"आत्या जिवंत असताना भाच्याच्या लग्नात तिच्या हातचं कापड नको? मग मी मेले असं तरी सांगा सगळ्यांना!"

तिने मला खाली काढलं. तीन आठवडे ती ओंडक्यापुढे बसली. आधी बडवताना ती गाणी म्हणायची. आता ओठ आवळून, श्वास कोंडून घाव घालू लागली. तिच्या तळहाताची नाडी माझ्या मुठीत धडधडायची. सुटून पडावं, दुभंगावं, असं मला रोज वाटे. पण सुरूचं लाकूड दुभंगत नाही. माझ्या मजबुतीचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला.

तिसऱ्या रविवारी सगळं गाव देवळात गेलं होतं. रविवारी आमच्याकडे कुणी काडी उचलत नाही, मोगरीचा आवाज नाही, होडी पाण्यात जात नाही. मी ओसरीवर टोपलीत होते. घोडागाडी आली. हावेआ एकटा उतरला. देवळात पहिल्या बाकावर बसणारा माणूस तो! त्याने ओंडक्याखाली पहार घातली, घामाघूम होत तो गाडीत लोटला. जाताना माझ्याकडे पाहिलं, पण मला हात लावला नाही. मी बायकांचं हत्यार.

सोमवारी लूसेआनेने मोकळी जागा पाहिली आणि तोंडाचा पट्टा सोडला. फुसी धावत आली.

"म्हाताऱ्या बाईला कोण चोरणार? म्हणून ओंडका नेला असेल," ती म्हणाली.

"दात नको काढूस. स्वयंपाकघरामागे माडाचा बुंधा पडलाय. तो आणू."

"थांब, माझ्या पोरांना बोलावते. तू हात लावू नकोस, कंबर धरेल."

फुसी गेली. लूसेआने थांबली नाही. मला कमरेला खोचून ती बुंध्यापाशी गेली, वाकली, छातीत श्वास भरला आणि एक टोक उचलू लागली. वीतभर उचललंही. तिच्या पोटाच्या स्नायूंचा दगड झालेला मला कळत होता. त्या कोंडलेल्या श्वासात मी मनात ओरडत होते, पण मोगरीचं कोण ऐकतं?

"वन्सं! सोडा ते! सोडा म्हणते ना!"

हावेआची बायको लेसिएली फाटकातून धावत येत होती. तिच्या टोपलीतली कोनफळं वाटेवर सांडली. लूसेआने दचकली, बुंधा सुटला, ती मटकन खाली बसली. तोंड ओल्या सालीसारखं पांढरं.

"छातीत दुखतंय? पाठीत? वन्सं, बोला!"

"दुखत नाही. धडधडतंय नुसतं." मग तिने मान वर केली. "माझ्या छातीचं तुला कुणी सांगितलं?"

लेसिएली तिच्याजवळ मातीत बसली. "जे त्या दिवशी डॉक्टरपुढे दारात उभे राहिले होते, त्यांनीच. त्यांना इंग्रजी येतं, वन्सं. त्यांना सगळं कळलं होतं."

"मग बोलला का नाही मेला?"

"कसे बोलतील? बहिणीच्या छातीविषयी? मला सांगायलाही त्यांना जवळजवळ तीन महिने लागले, तेही माझ्याकडे पाठ करून. कापड नको असा निरोप धाडला, तर तुम्ही दुप्पट जोराने बसलात. म्हणून ओंडका नेला. आमच्या कोठारात आहे. आज सकाळी मला हे सगळं सांगितलं, आणि मी निघाले."

"रविवारी नेला?"

"बाकीचे सहा दिवस तुम्ही त्याच्यापुढून हलत कुठे होतात?"

लूसेआनेने मला कमरेतून काढून मातीत ठेवलं. "गाढव आहे," ती म्हणाली.

"आहेतच. पण तुमचेच भाऊ."

तेवढ्यात फुसी दोन मुलांना घेऊन आली. लूसेआने बसल्या जागेवरून म्हणाली, "फुसी, माझ्या छातीतली मोठी शीर फुगलीय. मला बडवायचं नाही. उचलायचं नाही. कधीच."

फुसी पोरांना सोडून तिच्यासमोर मातीत बसली. "आणि इतके दिवस मला राणी-राणी म्हणू दिलंस? सगळं पाप माझ्या माथी! तुला हेच हवं होतं, चेटकिणी!" आणि ती रडायला लागली.

लग्नाचं कापड वेळेत झालं. ओंडका फुसीच्या ओसरीवर ठेवला, आणि मला लेसिएलीच्या हाती दिलं. तिचा हात अजून कच्चा आहे. लूसेआने रोज सकाळी सावकाश चालत तिथे येते, प्रत्येक पट्टी उन्हात धरते आणि विरळ जागा दाखवून शिव्या देते. शिव्या द्यायला डॉक्टरची मनाई नाही, नर्सला विचारलंय. त्या वेळी सगळं खरं काम सांगून विचारलं. सहा महिन्यांनी फोटो काढला, फुगवटा तेवढाच होता. तिची बोटं अजूनही मांडीवर ताल धरतात. ती काही गप्प बसायची नाहीत.

हावेआने रविवार मोडल्याचं पाळकांपुढे कबूल केलं. का मोडला ते सांगितलं नाही. त्याला सहा आठवडे मागच्या बाकावर बसवलं. लूसेआनेने त्याला काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. पण ते सहा आठवडे ती आपली पुढची जागा सोडून बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली.

मित्रांनो, ज्याला दुखणं आहे त्याने ते लपवू नये, आणि डॉक्टरने कामाचं विचारलं तर घाव किती घालतो तेही सांगावं. ज्याला तोंडाने बोलता येत नाही, त्याने बोलू शकणारं माणूस वेळेवर धाडावं. लेसिएली त्या सोमवारी आणखी थोडी उशिरा निघाली असती, तर लग्नाचं कापड बाजूलाच राहिलं असतं. लूसेआनेला ज्यात गुंडाळायचं, ते कापड मला बडवावं लागलं असतं.