मोकळ्या तळाची टाकी

मंगळवारी सकाळी पहिला मासा मेला. जिजाने त्याला ओंजळीत घेतलं तेव्हा अंगावरचा निळा रंग पार गेला होता. करपलेल्या भाकरीसारखा तो काळपट दिसत होता. उरलेले तिघे टाकीच्या एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

ठाण्यात वेणूताईंच्या घरी जिजाने नऊ वर्षं स्वयंपाक केला होता. त्यांच्या डिस्कस माशांची टाकीही तीच धुवायची. थाळीसारखे गोल, चपटे, सावकाश फिरणारे मासे. वेणूताई कायमच्या मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "दुकानात दिले तर कुणाच्याही हाती पडतील. तुला यांची सवय आहे. नेशील?" जानेवारीत जिजा चार मासे पिशव्यांत आणि तीन फुटी टाकी गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आपल्या गावी, पोशेऱ्याला, घेऊन आली. देवराम, तिचा नवरा, बघतच राहिला.

वेणूताईंच्या टाकीत तळाला काहीच नसायचं, नुसती काच. जिजाला ते ओकंबोकं वाटायचं. म्हणून गावी तिने ओढ्यातले गोटे आणले, काळे आणि मधूनच पांढरे, आणि घासून त्यांचा चार बोटं जाड थर दिला. शेजारच्या बाया टाकी बघायला येऊ लागल्या. विहिरीला पाणी होतं तोवर ती रोज चार हंडे पाणी बदलायची, आणि सगळं ठीक चाललं होतं.

मे महिन्यात विहीर आटली. टँकर तीन दिवसांनी यायचा. माशांच्या वाट्याला एक हंडा येऊ लागला, तोही दिवसभर उघडा ठेवून टँकरच्या पाण्यातल्या जंतुनाशक औषधाचा वास गेल्यावरच टाकता यायचा. दोन आठवड्यांत मासे काळे पडले, आणि खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागले.

मंगळवारी पहिला मासा गेल्यावर तिने ठाण्याच्या गौतमला फोन लावला. वेणूताई त्याच्याच दुकानातून माशांचं खाणं आणायच्या.

"खाली काय घातलंयस?" त्याने पहिलंच विचारलं.

"गोटे. ओढ्यातले."

"अरे देवा. पांढरे आहेत त्यांत? एकावर लिंबू पिळून बघ."

तिने पिळलं. पांढऱ्या गोट्यावर बारीक फेस आला.

"म्हणजे चुन्याचा दगड. पाणी जड करतोय तो, आणि यांना हलकं पाणी लागतं. त्यात उरलेलं खाणं गोट्यांखाली सडत असणार. सगळं काढ. पण आधी मासे बाहेर घे, नाहीतर खालची घाण उसळली की संपले. आणि तळाला आता वाळूसुद्धा नको. घाण दिसली पाहिजे आणि लगेच नळीने ओढून काढता आली पाहिजे."

"किती पानी लागंल?"

"निदान चार हंडे. ताजं. औषध घातलेलं नको."

घरात प्यायचे दोन हंडे होते. जिजाने त्यांच्याकडे पाहिलं आणि देवरामने तिच्याकडे.

"हात लावू नको," तो म्हणाला. "मानसांना नाय आनि तू माशांना घालतेस?"

"मरतील ते."

"मरू दे ना मग!" तो ओरडला. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "मी काय करू, सांग. कुठनं आनू?"

जिजा दोन रिकामे हंडे घेऊन झिऱ्यावर गेली. उतारावरच्या त्या खड्ड्यात पाणी थेंबाथेंबाने साचायचं, आणि बाया पाळीपाळीने वाटीने भरायच्या. दोन तास उन्हात बसून तिने हंडे भरले, घरी नेऊन पिंपात ओतले आणि पुन्हा आली. पुढे बसलेल्या चैतीने विचारलं, "परत? घरी कोन आलंय का?"

"सासू आजारी हाय," जिजा म्हणाली. सासू सकाळीच ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. चैतीने आपली पाळी तिला दिली. जिजाने घाईघाईने वाटी बुडवली आणि अर्धं पाणी मातीत सांडलं.

ती घरी पोचेपर्यंत आणखी एक मासा आडवा झाला होता. उरलेले दोघे तिने टबात ठेवले आणि टाकीत हात घातला. गोटे हलताच काळं, कुजकं पाणी वर आलं. वास असा की सासू अंगणात जाऊन बसली. जिजा घमेलं घमेलं गोटे उपसत होती आणि रडत होती. हे तिनेच, स्वतःच्या हौसेने, केलं होतं.

देवराम आला. भरलेलं घमेलं तिच्या हातून घेऊन बाहेर ओतून आला, आणि पुन्हा उभा राहिला.

काच धुऊन टाकीत वीतभर पाणी भरलं. टबातून काढताना दोघांतला एक तिच्या हातातच गेला. दुसरा तळाजवळ थांबला, कल्ले जोरजोरात हलवत.

दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर तिने चैतीला खरं सांगितलं.

"माशांसाठी?" चैती उठून उभी राहिली. "माझी पोर कालपास्नं अंघोळीविना हाय, जिजा!"

जिजाला तोंड वर करता येईना. ती रिकामा हंडा घेऊन परत फिरली.

त्यानंतर तिने स्वतःच्या अंघोळीचं पाणी दिवसभर उघडं ठेवून माशाला दिलं. उघड्या काचेवर घाण लगेच दिसायची. ती तेवढीच नळीने ओढून घ्यायची, आणि अर्ध्या हंड्यात भागायचं. ओढलेलं पाणी देवराम आंब्याच्या रोपाला घालायचा. पाचव्या दिवशी माशाने खाण्याचा एक दाणा गिळला. डोक्याजवळ निळी रेघ उमटू लागली.

तिने गौतमला कळवलं.

"एकटा राहत नाही हा मासा," तो म्हणाला. "झुरतो. माझा माणूस रविवारी जव्हारला येतोय. दे पाठवून, माझ्याकडच्या चौघांत सोडतो."

फोन कानाला धरूनच जिजा टाकीजवळ गेली आणि काचेला बोट लावलं.

"जिजा? आहेस ना?"

"तुझ्या टाकीत खाली काय हाय?"

"काही नाही. नुसती काच."

"मग ने," ती म्हणाली.