ओढ्यापलीकडच्या पट्ट्या

वाटाड्याने पट्टी बांधायला हात उचलला, तर फांदीवर पट्टी आधीच होती.

नारिंगी, वीतभर लांब. गाठही त्याचीच: दोन वेढे, एक फास, टोक ओढलं की सुटणारी. तिच्यावरून पाणी थेंबाथेंबाने गळत होतं. मागे दहा पावलांवर धुकं, पुढे दहा पावलांवर धुकं. हातातली पट्टी त्याने निमूट खिशात घातली.

"काका, का थांबलात?" मागून दातांचे डॉक्टर ओरडले. "वाट चुकली असेल तर आत्ताच सांगा. बायकोला फोन करून एकदाचं सॉरी म्हणून टाकतो."

"इथे रेंज नाही."

"तरीच मला एवढा धीर आलाय."

रांगेत कोणीतरी हसलं. सहा पाहुणे होते. डॉक्टरांच्या मागे निळ्या रेनकोटातल्या नर्सबाई. चाळीस वर्षं वॉर्डात उभं राहून काढली, आता निवृत्त झाल्यावर चालायला निघाले, असं त्यांनी पायथ्याशीच सांगून टाकलं होतं. आणि सगळ्यांच्या शेवटी, धुक्यात बुडालेली, वाटाड्याची लेक.

बापलेकीची रीत ठरलेली होती. धुक्यात रांग लांबते, पुढचा मागच्याला दिसेनासा होतो. म्हणून पुढे चालणारा बाप वळणावळणावर पट्टी बांधायचा आणि शेवटी येणारी लेक ती सोडून पिशवीत टाकायची. त्यांच्या मागे डोंगरावर चिंधी उरत नसे. तेव्हा आपण फिरून त्याच जागी आलो म्हणावं, तर पट्टी इथे असायला नको होती. लेक कधी एकही विसरत नसे.

विसरायचा तो.

गेल्या थंडीत पाठीवर सॅक लावून तो एक दिवस आधीच बस स्टँडवर जाऊन बसला होता, पार दुपारपर्यंत. घरी सांगितलं, बस रद्द झाली. हल्ली पाहुण्यांची नावं तो तळहातावर पेनाने लिहून घ्यायचा. आज ती पावसाने धुऊन नेली होती. यातलं लेकीला काही कळलं नसावं, अशी त्याची समजूत होती. किल्ल्या जाऊ देत, नावं जाऊ देत, डोंगर तरी जागच्या जागी होता. ही ओली माती, हे खडक, ही चढण. डोंगरही गेला, तर सकाळी उठून करायचं काय?

'मीच बांधली असेल,' तो मनाशी म्हणाला. 'आत्ताच बांधली, आत्ताच विसरलो.' आणि पुढे निघाला.

पुढच्या वळणावर पट्टी होती. त्याच्या पुढच्या वळणावरही.

ओढ्याला गुडघ्याएवढं पाणी होतं आणि ते वाढत होतं. त्याने दोर लावला, एकेकाला हात देऊन पलीकडे घेतलं. नर्सबाई पाण्यातून खिदळत आल्या, शाळकरी मुलीसारख्या. अंधार पडायला दीड तास होता. इथून पुढे झाडं संपत होती; एका अंगाला पठार, जिथे तंबू टाकायचे, आणि दुसऱ्या अंगाला कडा, जिथे जमीन न सांगता संपते.

पलीकडे पोचल्यावर तो उभा राहिला. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. डावीकडे की उजवीकडे? आयुष्यभर न विचारलेला प्रश्न त्याच्यापुढे उभा होता, आणि उत्तराच्या जागी नुसता पांढरा रंग. पाठीमागे सात माणसांचे श्वास होते.

तेवढ्यात डावीकडे नारिंगी दिसलं.

तो गेला. ती मागे पडायच्या आत पुढची दिसली, मग तिच्या पुढची. कोणी हाताला धरून न्यावं तशा त्या त्याला नेत होत्या. इथे झाड नाही, झुडूप नाही. मग त्या कशाला बांधल्यात हे पाहायला तो थांबला नाही. वारा रेनकोट फाडू पाहत होता. पट्ट्या मात्र हलत नव्हत्या. त्यांच्यावरून पाणीही गळत नव्हतं.

पठारावर पोचले तेव्हा जेमतेम उजेड होता. तंबू ताणले गेले, स्टोव्ह पेटला, डॉक्टरांनी मोजे पिळून त्यावर कविता करायची धमकी दिली. लेक चहाचे दोन कप घेऊन बापाच्या तंबूत आली. पिशवीतल्या ओल्या पट्ट्या तिने दोरीवर एकेक करून वाळत टाकल्या.

"बाबा, एक सांगू? रागवायचं नाही."

"रागवण्यासारखं असलं तर रागवेन."

"परवा मी मैत्रिणीकडे गेलेच नव्हते. इथे आले होते. ओढा लागायच्या आधी आयत्या पट्ट्या मिळाल्या ना तुम्हाला, त्या मी बांधल्या होत्या."

त्याने कप खाली ठेवला.

"बस स्टँडचं मला तेव्हाच कळलं होतं. चहावाला म्हणाला, तुझे बाबा काल चार तास बसून होते. त्यानंतर मी तुमच्यावर नजर ठेवून होते. वाईट वाटलं मला, पण ठेवली." तिने नाक पुसलं. "इथे वाट चुकलात तर लोकांसमोर तुमची... म्हणून बांधल्या. तुमच्यासारखीच गाठ मारली. कळू नये म्हणून."

"कळली नाही," तो म्हणाला. छातीवरचा धोंडा अर्धा सरकला होता. त्याचं डोकं ठीक होतं. पट्ट्या खऱ्याच होत्या. "पार इथवर एकटी आलीस, वेडे?"

"छे. ओढ्यापर्यंतच. पाणी होतं, एकटीने उतरायची छाती झाली नाही. म्हणून तर आज ओढा आल्यावर माझा जीव टांगणीला लागला. म्हटलं, आता बाबा अडणार. आणि तुम्ही तर सुटलातच! एकही पट्टी न बांधता, सरळ रेषेत. मागे आमची धावाधाव." ती हसली, डोळे भरलेले असतानाच हसली. कितीतरी महिन्यांनी तो तिला अशी मोकळी हसताना बघत होता. "मी उगाच घाबरले. तुम्हाला हा डोंगर झोपेतसुद्धा पाठ आहे."

"ओढ्यानंतर एकही नव्हती?"

"तुम्ही बांधलीच नाहीत, तर मी सोडणार कुठून?"

बाहेर पाऊस तंबूवर बोटं वाजवत होता. दोरीवरून थेंब पडला, मग दुसरा.

"उद्या कड्याची वाट आहे," ती म्हणाली. "मी तर ठरवलं होतं, भांडण झालं तरी चालेल, उद्या तुम्हाला पुढे जाऊ द्यायचं नाही. आता बिनघोर झोपते. तुम्हीच पुढे व्हा."

त्याने मान हलवली. होकारासारखी हलली.

सकाळी पाऊस बारीक झाला, धुकं होतं तसंच. कड्याची वाट हातभर रुंद. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काही नाही. ती सुरू होते तिथे, पठाराच्या टोकाला, रांग लागली. तो सर्वांत पुढे उभा राहिला, शिट्टी ओठाजवळ नेली, आणि त्याला पहिली पट्टी दिसली.

उजव्या हाताला. वाटेच्या थोडी बाहेर.

तिच्या पलीकडे दुसरी, आणखी बाहेर. तिच्या पलीकडे तिसरी. दोन वेढे, एक फास. नीट अंतर राखून, वाऱ्यात न हलणाऱ्या.

"बाई," तो मागे न वळता म्हणाला, "तिकडे काही दिसतंय का तुम्हाला?"

नर्सबाई पुढे आल्या. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. आधी तिकडे, मग त्याच्याकडे.

"धुकं," त्या म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून: "तुम्हाला काय दिसतंय?"

त्याने लेकीला हाक मारली. ती रांगेच्या कडेने अंग चोरत आली.

"तू पुढे हो."

"का? काल तर..."

"काल ओढ्यापलीकडेही पट्ट्या होत्या," तो म्हणाला. "मला दिसत होत्या."

लेकीने दोरीवर सुकवलेल्या पट्ट्या पिशवीत आहेत की नाहीत हे चाचपून पाहिलं. होत्या तेवढ्याच होत्या. मग तिने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली, आणि त्याच्या रेनकोटाची उघडी राहिलेली कॉलर नीट बंद केली. पुढे जाऊन उभी राहिली तेव्हा तिची पाठ ताठ होती.

"काका माझ्या मागे येतील," नर्सबाई कोणी काही ठरवायच्या आत म्हणाल्या. "आम्ही दोघं शेवटी. माझ्या सॅकचा पट्टा धरा हो घट्ट. मला उंचीचं भय आहे."

"काल कसं नव्हतं?" डॉक्टर म्हणाले.

"काल तुम्ही बडबडत होतात, त्याचं जास्त होतं."

शिट्टी वाजली. रांग हलली, एकेक पाठ धुक्यात शिरत गेली. त्याने डाव्या हाताने पट्टा धरला आणि निळ्या रेनकोटाच्या पाठीवरची शिवण नजरेत धरून पाऊल टाकलं. उजवीकडे, अगदी हाताशी, पहिली गाठ लोंबत होती.

शेवटी चालणाऱ्याने पट्टी सोडून घ्यायची असते. टोक ओढलं की सुटते.

उजवा हात त्याने खिशात घातला आणि मूठ आवळली.