खांबावरचा एक सेंटिमीटर

टिल्लीने पट्टी खांबाला लावली, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "चोवीस!"

"नीट बघ गं."

"नीटच बघतेय, बाई. चोवीस म्हणजे चोवीस."

बाईंच्या काळजात धस्स झालं. दुसरीच्या वर्गाच्या मधोमध हा खांब होता. सोमवारी मुलांना त्याला टेकवून उंची मोजली, तेव्हा ही भेग पहिल्यांदा दिसली. केसासारखी बारीक, उभी, सरळ वर गेलेली. मग मुलांना मोजायचं वेडच लागलं. पट्टीत मावेल ते सगळं त्यांनी मोजून काढलं: डस्टर, खडूचा डबा, एकमेकांची नाकंसुद्धा. नाकं सोडून प्रत्येक वस्तूवर आकड्याची चिठ्ठी चिकटवली. भेगेशेजारीही एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं २३.

आज शुक्रवार. वरच्या सभागृहात चौथीच्या मुलांची नाचाची तालीम चालू होती. धाड् धाड् धाड्. उद्या तिथेच कार्यक्रम होता आणि झाडून सगळे पालक येणार होते. एवढी माणसं याच खांबाच्या डोक्यावर बसणार होती.

बाई इथे तात्पुरत्या होत्या. त्यांची नेमणूक उद्या संपत होती आणि पुढे ठेवायचं की नाही, ते मुख्याध्यापिकांच्या हातात होतं. अशा वेळी माणसाने कसं, तोंडाला कुलूप लावून बसावं! पण बाईंना ते जमलं नाही. त्यांनी टिल्लीला ऑफिसात पिटाळलं.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्या आल्या त्याच कपाळाला आठ्या घालून. स्टेजच्या पडद्याचं माप घेत होत्या, टेप तशीच हातात होती.

"उद्या कार्यक्रम, आणि तुम्हाला आज भेगा दिसताहेत?"

"सोमवारी तेवीस होती. आज चोवीस भरली. वाढतेय ती."

"मोजली कोणी?"

"मुलांनी."

"म्हणजे आता या चिल्ल्यापिल्ल्यांच्या सांगण्यावरून मी कार्यक्रम रद्द करू?"

"रद्द नको. मैदानात घेऊ. तोवर कोणा जाणकाराला खांब दाखवू."

"अहो, गिलावा आहे तो. तडकतो." मोठ्या बाईंनी टेप सर्रकन ओढली, भेगेला लावली, चष्मा वर करून पाहिलं. "तेवीस. कुठे आहे चोवीस? ए, इकडे ये. मोजून दाखव बरं."

टिल्ली ऐटीत पुढे आली आणि तिने पट्टीवरचा एकचा आकडा भेगेच्या खालच्या टोकाशी धरला.

"हे घ्या! एकपासून मोजतेय कार्टी! शून्य काय शोभेला छापलंय? बघा, सोमवारी तेवीस, आजही तेवीस. भेग आहे तिथेच आहे हो. वाढलाय तो नुसता तुमचा घोर."

वर्ग खिदळला. बाईसुद्धा हसल्या. छातीवरचं दडपण उतरल्यासारखं वाटलं त्यांना. वर पुन्हा ठेका सुरू झाला आणि खांबाजवळच्या बाकावर चिमूटभर पांढरी भुकटी पडली.

मोठ्या बाईही निवळल्या. "होतं असं. सोमवारी बरोबर मोजलं, आज घाईत चुकली पोर. उद्या कार्यक्रम झाला की भेटा मला. पुढच्या वर्षाचं बोलून टाकू."

हेच ऐकायला तर बाईंचे कान आसुसले होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. सासूबाई रोज दारातच विचारायच्या, "काही कळलं का गं?" आज सांगता आलं असतं, कळलं म्हणून.

"भेटते," बाई म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांची नजर टिल्लीच्या बोटांकडे गेली. पट्टी अजून तशीच धरलेली होती, एकच्या आकड्यावर. मंगळवारीही ती अशीच धरली होती. एकट्या टिल्लीनेच नव्हे, सगळ्या वर्गाने.

गप्प बसावं. उद्याचा दिवस जाईल. शंभरातल्या नव्व्याण्णव भेगा गिलाव्याच्याच असतात. बाईंनी पदराने मानेवरचा घाम टिपला. वर गाणं रंगात आलं होतं.

"मोठ्या बाई."

"आता काय?"

"सोमवारीही एकपासूनच मोजलं होतं. सगळंच एकपासून मोजलंय यांनी. मंगळवारी माझ्या लक्षात आलं, पण मुलं इतकी खुशीत होती... म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू."

"म्हणजे आठवडाभर वर्ग चुकीचं शिकत होता आणि तुम्ही बघत बसलात?"

"हो. चूक माझीच. पण मग सोमवारी ती भेग तेवीस नव्हती. बावीस होती."

मोठ्या बाईंनी टेबलावरचा खडूचा डबा उचलला. चिठ्ठीवर तेरा. टेप लावली. बारा. डस्टर उचललं. चिठ्ठीवर सोळा. टेप लावली. मग पहिल्या बाकावरची कंपासपेटी घेतली. तीही मोजली आणि हळूच जागच्या जागी ठेवली. चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यांनी खांबावर तळवा टेकवला. वर ठेका पडला, तसा चटका बसल्यागत तो मागे घेतला.

"मुलांनो, उठा. दप्तरं राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "एकामागोमाग एक, मैदानात. पळायचं नाही."

"शाळा सुटली?" टिल्लीने विचारलं.

"चल म्हटलं ना!"

बाईंनी रांग बाहेर काढली. दारातून वळून पाहिलं, तर मोठ्या बाई जिना चढत होत्या.

"अहो, तुम्ही कुठे? मी जाते वर."

"तुम्ही तुमच्या पोरांपाशी थांबा."

मैदानात बाईंनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. वरचं गाणं मधेच तुटलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी चौथीची मुलं तालीम मोडली म्हणून तोंडं फुगवून खाली येऊ लागली आणि त्यांच्यामागून बाकीचे वर्गही बाहेर पडले. सगळ्यांत शेवटी मोठ्या बाई आल्या. जिन्याच्या लोखंडी दाराला त्या कुलूप घालत होत्या, पण कडी काही सापडेना. बाईंनी त्यांच्या हातून कुलूप घेतलं आणि लावून टाकलं.

"पालकांना फोन करायला हवेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि खांब बघायला माणूस. आत्ताच्या आत्ता."

"करते."

दोघी इमारतीकडे बघत उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून कमरेला खोचला.

"सोमवारी तुम्ही दुसरीचा वर्ग कुठे बसवाल?"

"मैदानातच, भिंतीपासून लांब," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.