नानांची अठरा मिनिटांची चाल

देवपूरला राहणारे लीलाधर आणि नूतन हे नवरा-बायको दोन महिने एकाच गोष्टीवरून भांडत होते: डावपेचांचा खरा खेळ कोणता? लीलाधर मोबाइलवर ‘मांडणी’ खेळायचा. त्यात एकाने चाल करायची, ‘झालं’ म्हणायचं, मग दुसऱ्याने. विचाराला हवा तेवढा वेळ. नूतनच्या ‘धडक’मध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. इकडे पीक काढा, तिकडे किल्ला बांधा, तेवढ्यात शत्रू वेशीत.

“तुझा खेळ म्हणजे नुसती पळापळ.”

“आणि तुमचा म्हणजे तलाठी ऑफिस.”

लीलाधरची बहीण शीतल वैतागली. “एक रविवार दादाच्या नियमाने घर चालवा, पुढचा वहिनीच्या. मग ठरवा.”

पहिला रविवार लीलाधरचा निघाला. ज्याची चाल त्यानेच हलायचं, बोलायचं. बाकीच्यांनी जागेवर बसायचं. अंघोळी उरकायला साडेअकरा वाजले. नूतनने आपल्या चालीत भज्यांसाठी तेल तापत ठेवलं, “झालं” म्हणाली आणि बाहेर येऊन बसली. तेवढ्यात दारात पाहुणे. शीतलला बघायला जामनेरचे रुपचंद नाना आणि त्यांचा मुलगा भूषण पुढच्या आठवड्यात येणार होते, ते आजच आले.

नूतनने नवऱ्याकडे पाहिलं. लीलाधरने पाहुण्यांना बसवलं आणि शांतपणे नियम समजावला. नानांना वाटलं, या घराण्याची रीतच असेल. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. “मंग आते कोनी चाल शे?”

चाल शीतलची होती. आधीच्या तीन स्थळांनी तिला नाव, शिक्षण आणि उंची विचारली होती. तिला कुणी काही विचारू दिलं नव्हतं. आज सगळे गप्प बसून तिच्याकडे बघत होते. ती भूषणला म्हणाली, “तुमचं आधी जमलेलं लग्न का मोडलं? झालं.”

नानांनी तोंड उघडलं. लीलाधरने बोट वर केलं. नानांनी तोंड मिटलं.

भूषण म्हणाला, “मी तिला एकटीला विचारलं, मी पसंत आहे का. ती नाही म्हणाली. घरी सांगायची तिची हिंमत नव्हती, म्हणून मीच नाही म्हटलं.” मग त्याने “झालं” म्हटलं.

बापाला हे आजच कळत होतं. चाल त्यांच्याकडे आली. त्यांनी डोळे मिटले. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

“नाना?” लीलाधरने विचारलं.

“मी इचार करी राहिनू. मनी चाल शे ना?”

स्वयंपाकघरातून धूर येऊ लागला. नूतन खुर्चीच्या कडेवर आली. लीलाधर खोकत खोकत घड्याळ बघत होता. नानांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा कुणी मध्ये न बोलता विचार करू देत होतं. ते चाल सोडायला तयार नव्हते. अठराव्या मिनिटाला भूषण उठला, आत गेला, गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि परत येऊन बसला.

“तुमची चाल नव्हती,” लीलाधर म्हणाला. “दोन चाली बाद.”

शीतल इतकी हसली की तिला ओढणी तोंडाला लावावी लागली.

तेव्हा नानांनी डोळे उघडले. “माले पानी जोयजे. झालं.”

शीतलने त्याच संध्याकाळी होकार कळवला. पुढचा रविवार नूतनचा होता. तिने लग्नाची बोलणी तीन फोनवर एकाच वेळी चालवली, दीड तासात तारीख, बस्ता, आचारी सगळं उरकलं आणि हॉलही ठरवला. मात्र घाईत हॉल आणि आचारी दोन-दोन ठरले, एक देवपूरला, एक पारोळ्याला. लग्न पारोळ्याला लागलं. देवपूरच्या हॉलवर गेलेले साठेक पाहुणे तिथे भरीत-पुरी जेवले, नवरा-नवरी कुठे ते न कळताच रिकाम्या खुर्च्यांना आशीर्वाद देऊन घरी गेले.