पेवाची शिडी

सैफुद्दीन मास्तर पोरांना भलतंच काहीबाही शिकवतात, ही आमच्या गावाची जुनीच तक्रार होती. मेडशीहून निघालेल्या गाडीवाटेवरचं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. दर शनिवारी मास्तर पुस्तकं मिटायला लावत आणि सहावी-सातवीची पोरं अंगणात जखम बांधायला, फाटका सदरा शिवायला, भाकर थापायला शिकत. बाया पदराआड हसायच्या. पुरुष नाकं मुरडायचे. पोरगं तलाठी व्हावं म्हणून शाळेत घालायचं आणि मास्तरानं त्याच्या हातात सुई द्यायची, हे कोणाला रुचणार? मला मात्र मास्तर आवडत. पण मी गावातला भांडखोर माणूस, माझ्या आवडीला विचारतो कोण!

एका शनिवारी त्यांनी पेवाचा धडा घेतला. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. वरून फरशी ठेवून लिंपून टाकतात. आतली हवा नासते, आणि उघडल्याबरोबर कोणी उतरलं तर ते जागीच कोसळतं.

"पहले कंदील सोडाचा," मास्तर म्हणाले. "थो इझला तर आपुन बी इझू. आन् कोनी आत पडला, तर त्याच्या मांगं उतराचं नाई. सख्खा भाऊ असला तरी नाई. शिडी वर ओढून घ्याची, म्हंजे दुसरा कोनी उतरत नाई. मंग हिरव्या फांद्या दोरीले बांधून वर-खाली करत राह्याचं, हवा पलटेपर्यंत."

हे त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. उत्तमराव माळ्याचा पुंजा सहावीत होता. त्यानंही म्हणून दाखवलं.

आमचे लोक पेव उघडून दिवसभर तसंच ठेवत, एवढी अक्कल गावाला होती. पण कंदील कोणी सोडत नसे. धान्यावर दिवा विझला की घरची लक्ष्मी उठून जाते, असा आमचा ठाम समज. म्हणून जळता दिवा पेवाजवळ नेतच नसत.

त्या उन्हाळ्यात उत्तमरावाची म्हातारी आई गेली. तेरवीला पार कारंज्यापासून सोयरे आले. अपेक्षेपेक्षा माणसं फार झाली, आणि सकाळीच पीठ संपलं. चुली पेटलेल्या, पाहुणे मांडवात बसलेले. उत्तमरावानं दळणाला ज्वारी काढायला मागच्या अंगणातलं पेव उघडलं, फरशी बाजूला लोटली आणि लगेच शिडी सोडली. आम्ही दोघं-चौघं पोती धरून उभे होतो.

पुंजा धावत कंदील घेऊन आला. "बाबा, पहले हा सोडा."

"तेरवीच्या दिवशी धान्यावर दिवा इझवतं काय रे?" उत्तमराव खेकसला. "ने तो तिकडं!"

"मंग थोडं थांबा तरी."

"मांडवात मानसं उपाशी बसून राह्यली, आन् मी थांबू?"

टोपलं घेऊन तो उतरला. आत त्याचं डोकं दिसत होतं तोवर ठीक होतं. मग टोपलं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तोही ज्वारीवर पडला. हाक मारली तर ओ नाही.

उत्तमरावाचा धाकटा भाऊ चंपत मांडवातून धावत आला. पण त्याच्या आधी पुंजानं शिडी सर्रकन वर ओढली, जमिनीवर टाकली आणि तिला मिठी मारून पालथा पडला. चंपतनं त्याला लाथा घातल्या. "सोड! तुहा बाप आत मरून राह्यला!" पोरानं शिडी सोडली नाही. तोंड मातीत, आणि एकच ओरडणं, "काकाले धरा! काकाले उतरू देऊ नोका!" मी चंपतच्या कमरेला विळखा घातला तेव्हा कुठं तो मागं सरला. नाहीतर तोही गेला असता, आणि त्याच्यामागं आणखी कोणी.

मग पुंजा उठला. लिंबाच्या फांद्या तोडून दोरीला बांधल्या आणि वर-खाली करू लागला. आम्हीही लागलो. कंदील सोडला, विझला. पुन्हा फांद्या, पुन्हा कंदील. काठावर त्याची माय आवडाबाई ऊर बडवून घेत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मला तो वर्षाएवढा वाटला. शेवटी ज्योत टिकली. आता उतरायला कोणी पुढं येईना. पुंजानंच कमरेला दोर बांधला, खाली गेला आणि बापाला बांधून वर पाठवलं.

उत्तमराव केव्हाच संपला होता.

गावाला बोलायला काय लागतं! बापावरची शिडी पोरानं काढली, एवढंच सगळ्यांनी उचललं. स्मशानात चंपतनं पुंजाच्या हातून जळतं लाकूड ओढून घेतलं. म्हणाला, "ह्या हातानं माह्या भावाले आग लागनार नाई." ज्याचा जीव पोरानं वाचवला, त्यानंच हे म्हणावं! मी चिडून बोललो, तर चार जणांनी मलाच बाजूला केलं. मास्तरांवरही बोटं मोडली गेली. शनिवारी शाळेत चिटपाखरू नव्हतं. पुढं त्यांची बदलीही करवली लोकांनी.

जायच्या आदल्या दिवशी मास्तर मला घेऊन आवडाबाईकडं गेले. पुंजा दारातच शिंदीच्या फड्यानं अंगण झाडत होता. मास्तरांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "बाई, तुमच्या पोरानं चूक नाई केली. शिडी ठेवली असती तर तुमच्या घरातून दोन मुडदे निघाले असते."

"मले ठाव हाये, मास्तर," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यानंच मला भीती वाटली. "चंपतभाऊजीले कळत नाई, मले कळते. तुमी शिकवलं थे बरोबर, त्यानं केलं थेबी बरोबर."

"मंग त्याले जवळ घ्या. पोरगं कोनाशी बोलून नाई राह्यलं."

"घ्याले जाते न मी. पन त्यानं भाकर मागतली का मले त्याचे हात दिसते. नवरा खाली पडला होता, मास्तर, आन् त्यानं शिडी ओढली. माह्यानं होत नाई." तिनं पदर तोंडात कोंबला आणि पुन्हा काढला. "तुमी जाऊन राह्यले ना? त्याले संग न्या. लई शिकवा. पन माह्या डोळ्यापुढं ठेवू नोका."

अंगणातला फडा थांबला होता. पुंजा आत आला, खुंटीवरचा सदरा काढून त्यानं अंगात घातला आणि मायच्या पाया पडला. तिनं पाय आखडून घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.