नाकवाल्यांचा शब्द

कारखान्यात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नाकवाले म्हटलं की झालं. स्क्रबरवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आणि त्यांच्या नाकाची ख्याती अशी की नव्या माणसाला आधी गेट दाखवत, मग कॅन्टीन, आणि मग नाकवाले.

स्क्रबर म्हणजे उंच मनोरा. खालून कारखान्याचा घाणेरडा गॅस आत शिरायचा, वरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची धार पडायची, आणि मधल्या प्लॅस्टिकच्या कड्यांच्या थरात दोघांची गाठ पडायची. कुजक्या अंड्यांच्या वासाचा तो विषारी गॅस पाण्यात अडकून बसायचा आणि चिमणीतून साधी हवा बाहेर पडायची. कॉस्टिक थकलं की गॅस निसटायला लागायचा. मशीनला ते कळायच्या आधी नाकवाल्यांच्या नाकपुड्या हलायच्या. "कॉस्टिक बदला रे!" आणि ते दर वेळी खरं निघायचं. "मीटरचं काय घेऊन बसलात?" ते म्हणायचे. "मीटरला सेल लागतात, मला चहा पुरतो." लोक हसायचे. हसता हसता हातातलं गॅस मीटर कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं.

आणि मग थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. नाक होतं जागच्या जागी, आत मात्र शुकशुकाट. साबण नाही, डिझेल नाही, काही नाही. येईल परत, येईल परत, असं म्हणत त्यांनी थंडी काढली, उन्हाळाही काढला. कुणाला सांगितलं? छे! सांगायचं कुठल्या तोंडाने? नाकवाल्यांना वास येत नाही म्हटल्यावर उरलं काय त्यांच्यात?

त्यांनी एक युक्ती काढली. चिमणीखाली उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं वाचायची. वॉचमनने नाक मुरडलं की हे लगेच ओरडायचे, "कॉस्टिक बदला!" आणि तोच वॉचमन चार लोकांत सांगायचा, काय नाक आहे राव त्या माणसाचं! याला हुशारी म्हणायची की काय म्हणायचं? शुद्ध गाढवपणा, दुसरं काय. पण गाढवपणा चालून गेला की माणसाला तो हुशारीच वाटायला लागतो.

घरी त्यांची बायको आणि तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती त्याला सासरी घेऊन आली होती, शाळेच्या दप्तरासकट. नाकवाल्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्याला सायकल शिकवली, फिटरचं काम शिकायला घातलं, आपल्याच कारखान्यात चिकटवलं. मेहुणा म्हणायचा, पण पोटच्या पोरासारखा. आणि तोंडाचा फटकळ.

एकदा स्वयंपाकघरात दूध करपलं. घरभर धूर, आणि नाकवाले शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"अहो, नाक आहे की शोभेची वस्तू?" बायको धावत येऊन म्हणाली.

"सर्दी झालीय," ते म्हणाले.

"ताई, ते नाक कंपनीच्या पगारावर आहे," मेहुणा म्हणाला. "घरी कशाला काम करेल?"

तिघंही हसले. नाकवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाबांनो, सर्दी नाही, नाकच मेलंय. पण मेहुणा तेवढ्यात दारात आलेल्या शेजाऱ्याला सांगत सुटला होता की आमच्या भाऊजींना नुसत्या वासावरून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते कळतं. त्याचा तो फुललेला चेहरा बघून त्यांनी शब्द गिळले.

पुढे एका सकाळच्या पाळीत स्क्रबरखालच्या टाकीतला पंप बंद पडला.

ही टाकी जमिनीखाली. वापरलेलं कॉस्टिक तिथे साठायचं, म्हणजे पकडलेला सगळा गॅस त्या पाण्यात कोंडलेला. कॉस्टिकमध्ये तो गप्प पडून राहतो. ॲसिड मिळालं की उसळून वर येतो. हे सगळ्यांना पाठ होतं. भिंतीवर पाटीसुद्धा होती. पण नुकताच शेजारी अमोनिया पकडायचा नवा मनोरा उभा राहिला होता, आणि त्यात ॲसिड फिरायचं. त्याच्या ओव्हरफ्लोचा, म्हणजे जास्तीचं ॲसिड वाहून नेणारा, पाइप याच टाकीत सोडला होता. तात्पुरता. हा मनोरा एका खात्याचा, तो दुसऱ्या खात्याचा. पाइप मात्र दोघांच्या मधला, म्हणजे कुणाचाच नाही. साहेब तो रोज ओलांडत होते. नाकवालेही ओलांडत होते.

टँकर लावून पाणी उपसलं. तळाशी गाळ उरला, आणि त्या गाळात पंपाची जाळी तुंबलेली. आत उतरून ती मोकळी करायची, आणि पाळीवर फिटर होता मेहुणा.

साहेब तसे नियमाचे पक्के. "आधी मीटर," ते म्हणाले. कपाटातून मीटर आलं. नवे सेल घातले. स्क्रीनवर अक्षरं उमटली: सेन्सर बदला.

"दुसरीकडून मागवतो," साहेब म्हणाले. मग चिमणीकडे बघत राहिले. पंप बंद म्हणजे स्क्रबर बंद, गॅस सरळ चिमणीतून बाहेर, आणि पलीकडे वस्ती होती. ते वळले. "नाकवाले, तुमचं काय म्हणणं?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नाकवाले टाकीच्या तोंडाशी वाकले, डोळे मिटले, ओढता येईल तेवढा श्वास ओढला.

काही नाही. अर्थातच काही नाही! आता बोल, आता तरी बोल, असं आतून कुणीतरी ढोसत होतं. त्यांनी डोळे उघडून सवयीने एखादा चेहरा शोधला. बाकीचे नियमाप्रमाणे लांब, दोरीपलीकडे उभे होते. जवळ होता तो एकटा मेहुणा. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, झाकणाचे बोल्ट त्यानेच काढले होते. तो त्यांच्याकडे बघून हसला आणि त्याने डोळा मारला. कपाळावर आठी नाही, नाक मुरडलेलं नाही. नाकवाल्यांनी तो चेहरा वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"चालेल," ते म्हणाले. "उतर."

मेहुणा शिडीवर गेला. डोकं तेवढं बाहेर उरलं तेव्हा थांबून हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू भाऊजी? झाकण काढलं तेव्हा भपकाच आला होता. मग एकदम गायबच झाला. म्हटलं, आपलं नाक मेलं की काय! पण तुम्ही चालेल म्हणालात, बरं वाटलं." आणि तो खाली गेला.

नाकवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. थोडा असला तर वास येतो. जास्त असला तर तो आधी नाकच बंद पाडतो. नव्या माणसांना हे तेच शिकवायचे: वास आला तर पळा, आलेला वास अचानक गेला तर जीव घेऊन पळा. मेहुण्यालाही त्यांनीच शिकवलं होतं. त्याला ते आठवलंही होतं. पण त्याने स्वतःच्या नाकापेक्षा त्यांच्या नाकावर विश्वास ठेवला होता.

"वर ये!" ते किंचाळले. "अरे वर ये, वर ये!"

शिडीवरचा हात सुटला आणि गाळात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. नाकवाल्यांनी दोर धरला. बाकीचे धावत आले, सगळ्यांनी मिळून ओढला. तो वर आला तेव्हा त्याच्या तोंडात गाळ होता आणि डोळे अर्धे उघडे होते. नाकवाल्यांनी तो गाळ बोटाने काढला, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, अँब्युलन्सवाल्यांनी बाजूला केलं तरी त्यांचे हात हवेत दाबतच राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगायचं ते एका वाक्यात सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बायको बसली होती. रडत नव्हती. साहेब तिच्यासमोर वाकून उभे होते. "ताई, यांना दोष देऊ नका," ते म्हणाले. "त्या पाइपमधून ॲसिड येत होतं, ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. आणि तो गॅस नाकच मारतो हो. भल्याभल्यांना कळत नाही. यांनी आपल्याकडून वाकून वास घेतला होता, मी स्वतः पाहिलं."

तिने मान हलवली. नवऱ्याचा हात हातात घेतला. "तुम्ही होतात जवळ," ती म्हणाली. "तो एकटा नव्हता, एवढं तरी बरं."

साहेब निघून गेले. वाट आयती मोकळी होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर त्यांना चांगली सवय झाली होती. पण तो हात त्यांना सोसेना.

"माझं नाक तेव्हा नाही मेलं," ते म्हणाले. "थंडीतच मेलंय. तापात. मला कशाचाच वास येत नाही."

तिचा हात सुटला.

"आणि तरी त्याला उतर म्हणालात?"

"हो."

"मला तरी सांगायचं होतंत."

"लाज वाटली."

"हसलो असतो आम्ही," ती म्हणाली. "चार दिवस हसलो असतो, अजून काय झालं असतं? सगळ्यात जास्त तोच हसला असता."

मग ती उठली आणि जिथे त्याला ठेवलं होतं त्या खोलीच्या दाराशी जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.